हॅरल्डबाबांसाठी नारळ

मार्गशीर्षात, यात्रेच्या गर्दीत,
योगेश्वरीपुढं मी एक नारळ दिला
एडमंटनच्या एका म्हाताऱ्यासाठी.
पुजारी म्हणाला, कुणाच्या नावानं?
म्हणलं, हॅरल्ड.
तो जरा थांबला. हरी म्हणलं तर चालंल?
म्हणा.
पाच महिने जगवा एवढंच सांगा.

सत्यशीला त्यांना उठवते, बसवते, दाढी करून देते.
असे चोवीस महिने भरले की अर्ज,
अर्ज लागला की तिथं कायमचं राहणं,
मग मी, मग प्रांजली.
एकोणीस भरले होते.
मी मोटारी भरतो, मोरेवाडीच्या नाक्यावर.
तांब्याच्या तारेचा एक वेढा कमी पडला
तरी मोटार तापते, हे मला कळतं.
पण महिन्यांचे वेढे
दुसऱ्याच्या श्वासावर मोजायचे असतात
हे कुणी शिकवलं नव्हतं.

नातं खरं आहे, याचा पुरावा मागितला होता.
लग्नाचे फोटो दिले. ती अठराची, मी घामाघूम.
एकमेकांचे निरोप छापून द्या म्हणाले.
सायबरवाल्या पोरानं सगळे काढले:
गॅस आला.
आईला जुलाब, आता बरं.
फी भरली, पावती ठेवली.
बर्फ आहे का. आहे.
जेवलीस का.
काका, पोरगा म्हणाला, ह्यात प्रेमाचं काहीच नाही.
म्हणलं, परत वाच.

माझ्या आईला हरणाबाई सांभाळते.
चनईहून येते, सकाळच्या रिक्षानं,
सहा हजार, आणि दिवाळीला लुगडं.
आईचा कुजका पाय ती मांडीवर घेते,
नाक न दाबता.
एकदा फरशी पुसता पुसता म्हणाली,
दादा, मला किती महिन्यांनी मिळंल?
काय?
वहिनीला जे मिळणारंय ते.
मी पंख्याचं बटण शोधत बसलो.
पंखा चालूच होता.

ही देवीसुद्धा इथली नाही.
कोकणातून आली, परळीला लग्न ठरलेलं.
मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं,
ती राहिली.
हत्तीखान्यातले दगडी हत्ती आम्ही
लहानपणी पाठीवर बसून झिजवले.
तिला कुणी विचारलं नाही
किती महिने, कुणाच्या घरी, कोणत्या तारखेपर्यंत.
का विचारलंही असेल.
आम्हाला फक्त आरती माहीत.

पौषात फोन आला, पहाटे चारला.
तिथं अजून आदल्या दिवसाची दुपार.
बाबा गेले.
आणि माझ्या तोंडून आधी निघालं ते हे:
कितवी तारीख धरतील?

पलीकडं बराच वेळ काही नाही.
नुसती कुठंतरी भांडी घासायच्या यंत्राची घरघर.
मग ती म्हणाली,
काल त्यांची नखं काढली होती मी.
उजव्या हाताची.
डावा हात देत नव्हते,
म्हणाले, उद्या.

नवं घर मिळेपर्यंतचे दिवस धरत नाहीत.
सात आठवडे ती एका गुजराती बाईच्या तळघरात राहिली,
मला म्हणायची, छान आहे, खिडकी आहे.
खिडकीत काय दिसतं, विचारलं.
लोकांचे बूट.

आता ओल्गाआजी आहेत, पंच्याऐंशीच्या.
साखर आहे, पण हाडं टणक, ती सांगते,
आणि सांगताना आवाज असा
जशी बाजारात म्हैस बघून आलो की माझा व्हायचा.
दोघांनाही ते ऐकू आलं.
दोघंही दुसरंच बोलायला लागलो.

मंगळवारी देवळात गेलो.
नारळवाल्यानं विचारलं, किती?
दोन, म्हणलं. एक आजींसाठी.
दुसऱ्याला पुजाऱ्यानं नाव विचारलं तर मला सांगता येईना;
मेलेल्या माणसाला आयुष्य कसं मागायचं.
पिशवीतच राहिला.
संध्याकाळी हरणाबाईनं तो उंबऱ्यावर आपटून फोडला,
पाणी वाटीत धरून आईला पाजलं,
खोबऱ्याची चटणी वाटली,
आणि एक करवंटी न विचारता
स्वतःच्या पदरात बांधून घेतली.